गलोंड्याचा पतंग आणि हॅम्पसनसाहेब

पतंगांविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न या पानाचे वाचक विचारतील, आणि तो रास्तच आहे. मी गाणे शिकवणारा मनुष्य. वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात गवई म्हणून चाकरीस होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दोन तानपुरे, एक पेटी आणि वडिलांच्या हातच्या चोपड्यांनी भरलेली एक ट्रंक, एवढी आमची इस्टेट. कीटकांशी आमचा संबंध म्हणजे तानपुऱ्याच्या गवसणीला लागणारी कसर. तरीही सर जॉर्ज फ्रान्सिस हॅम्पसन या इंग्रज गृहस्थांविषयी आज लिहावयास बसलो आहे, याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक. ती सांगितल्याखेरीज त्यांचे चरित्र मला सांगता येणार नाही.

गलोंडा हे गाव सिल्वासाजवळचे, दादरा-नगर हवेलीतले. आपल्या जुन्या मराठी घरांना तो मुलूख परका नाही. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. सांताना नावाच्या पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून १७८३ साली नगर हवेली त्यांच्याकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ साली विकत घेतले. पुढे १९५४ च्या पावसाळ्यात ज्या तरुणांनी हा मुलूख सोडवला, त्यांत आपले सुधीर फडके होते, आणि त्या कामाच्या पैशांसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. १९६१ साली तो केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० साली दमण-दीवशी जोडला गेला. गाणाऱ्या माणसाने तिकडे गेल्यावर हे सारे आठवू नये, हे कसे घडावे?

माझे एक स्नेही गलोंड्यात मास्तर आहेत. त्यांनी ऑगस्टमध्ये शाळेतल्या मुलांची समूहगीते बसवून देण्यास मला बोलावले. वारली, कोकणा, धोडिया अशा घरांतली मुले. सूर असा स्वच्छ, की आमच्या वर्गातल्या मुलांना मी तो वर्षभर शोधायला लावतो. रात्री पडवीत एकच दिवा. बाहेर पाऊस, बांधावर एरंडाची झाडे, आणि मी तानपुरा लावीत होतो. खर्जाची तार जुळेना. इतक्यात एक पाखरू दिव्याभोवती दोन फेरे घालून तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बसले. पुढचे पंख राखी-तपकिरी, त्यांवर काळपट ठिपके, ठिपक्यांना फिकट कडा. मी बोटाने हलकेच डिवचले तसे त्याने पंख उघडले. आतले पंख गुलाबी, वर काळे डाग. साध्या सुती साडीला भरजरी अस्तर लावावे तसे. मास्तरांच्या मुलाने त्याचे छायाचित्र घेतले आणि आल्या आठवणीची खूण म्हणून मला दिले.

बडोद्यास परतल्यावर आमच्या वर्गाचे वार्षिक संमेलन होते. एका शिष्येने भिंतीवर छायाचित्रे लावली होती: आमच्या वाड्यात येणारे पक्षी, फुलपाखरे, सरडे. त्यांतच तिने हेही लावले. गर्दी होती, तबलजी आला नव्हता, माझे डोके ठिकाणावर नव्हते. आमच्या मागच्या आळीत राहणारे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, त्या चित्रापाशी बराच वेळ उभे राहिले आणि हा पतंग कुठला, म्हणून त्यांनी मला विचारले. मी इथलाच म्हणून सांगितले आणि तबलजीला शोधायला धावलो.

काका गेली कित्येक वर्षे बडोदे शहरातल्या पतंगांची यादी करीत आहेत. जाड पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर नाव, उजव्या पानावर जागा, तारीख, पाहणारा कोण. माझ्या तोंडच्या त्या एका शब्दाने त्या वहीत एक ओळ वाढली. मला ते कळले सहा महिन्यांनी, ते घरी येऊन तो पतंग पुन्हा दिसला का, कोणत्या खोलीत दिसला, असे विचारू लागले तेव्हा. मी त्याही वेळी खरे बोललो नाही. पुन्हा नाही दिसला, एवढेच म्हटले. ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच अधिक वाईट होते.

मग अपराधी माणूस करतो तेच मी केले. चूक कबूल करण्याऐवजी अभ्यास करू लागलो. काकांनी बोलता बोलता हॅम्पसनचे नाव घेतले होते. एका जुन्या ग्रंथालयात त्यांचे चार खंड मला मिळाले.

हॅम्पसन यांचा जन्म १४ जानेवारी १८६० चा. शिक्षण चार्टरहाउस या शाळेत आणि ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात. अशा घरातला मुलगा वकिलीत, फौजेत किंवा धर्मोपदेशात जायचा; हे निघाले नीलगिरीवर, चहाचा मळा करायला. पतंगांचे वेड तिथे लागले. मळेवाल्याचा दिवस मजुरांत आणि हिशेबात जातो. रात्र मात्र त्याची स्वतःची. नीलगिरीसारख्या ठिकाणी पावसाळी रात्री बंगल्याच्या दिव्यावर काय काय येत असेल, याची कल्पना गलोंड्याच्या एका पडवीवरून मला थोडीफार आली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात कामाला सुरुवात केली ती बिनपगारी. आमच्या घराण्यात उस्तादाच्या घरी पाणी भरावे लागे, तसाच हा प्रकार. १८९१ साली नीलगिरी जिल्ह्याच्या पतंग-फुलपाखरांवर त्यांचा ग्रंथ आला, १८९३ साली सिलोनच्या पतंगांवर. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. आणि या दोहोंच्या मध्येच, १८९२ साली, ज्यामुळे त्यांचे नाव आपल्या देशात आजही घेतले जाते त्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला: ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन व ब्रह्मदेश येथील पतंग. भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड हे त्या मालेचे संपादक. चौथा खंड १८९६ साली आला. चार वर्षांत चार खंड! मधल्या काळात, १८९५ साली, संग्रहालयाने त्यांना साहाय्यकाची जागा दिली; पुढच्या वर्षी घराण्याचा सरदारकीचा किताब त्यांच्याकडे आला. किताब मिळाल्यावरही हे गृहस्थ टाचणीला टोचलेली पाखरे मोजत बसले, हे मला फार आवडते.

हॅम्पसन शून्यातून निघाले नव्हते. त्यांच्या आधी कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई, पुणे, महू, कराची येथले पतंग गोळा करून त्यांवर लिहिले होते. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची जी संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत स्विन्हो होते. आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कलकत्त्याच्या कोट्स यांच्या जोडीने स्विन्हो यांनी हिंदुस्थानातल्या पतंगांची एक यादीही १८८७ ते १८८९ या काळात छापली. पण यादी ती यादी. रागांची नुसती नावे लिहिली म्हणून कोणी राग ओळखू लागत नाही. समोरच्या पाखराला नाव कसे द्यायचे, याची वाट हॅम्पसन यांनी घालून दिली.

ती वाट अशी. पतंगाच्या पंखावर खवल्यांची धूळ असते, रंग तिचा. ती धूळ बाजूला केली की खाली शिरा दिसतात. हॅम्पसन यांनी शिरांना अंक दिले, एकपासून बारापर्यंत, आणि घराणी त्यांवरून लावली. पुढच्या पंखाची पाचवी शीर मधून निघते की खालच्या कोपऱ्याजवळून, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कुळे इकडची तिकडे होतात. हे वाचताना मी हसलो. पाचवा स्वर आहे की वर्ज्य आहे, यावर आम्हीही मारवा, पूरिया आणि सोहनी यांना एका बाजूला काढतो. मग कुळातून गण, गणातून जात. दरेक पायरीवर एक प्रश्न आणि त्याची दोन उत्तरे. शेवटी जातीचे वर्णन, पंखांची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि एक लहानशी ओळ: कुठे सापडतो.

त्या लहानशा ओळीने माझी झोप उडवली. कारण तिथे किती तरी ठिकाणी एवढेच लिहिलेले आहे, की हा पतंग सबंध हिंदुस्थानात सापडतो. मला पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले. सबंध हिंदुस्थानात सापडत असेल तर बडोद्यात का सापडू नये? माझे खोटे आपोआप खरे ठरत होते.

पण काकांकडून जे थोडेबहुत ऐकले होते ते आठवले, आणि ग्रंथ जरा पुढे वाचला. हॅम्पसन लंडनमध्ये बसून लिहीत होते. त्यांच्यापुढे होते ते पेट्यांत ओळीने लावलेले नमुने आणि दरेक टाचणीखालची इवलीशी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चार चिठ्ठ्या चार दिशांच्या मिळाल्या की सबंध हिंदुस्थान लिहायला हरकत नसे. मधल्या मोकळ्या जागा तशाच राहत. ग्रंथाच्या नावातच ब्रिटिश हिंदुस्थान आहे; बडोदे गायकवाडांचे, आणि गलोंड्यावर त्या काळी पोर्तुगीजांचा झेंडा. पतंग काही नाक्यावर जकात भरून येत नाही, तो दोहीकडे उडणारच. पण चिठ्ठी लिहिणारा माणूस मात्र रस्ता असेल तिथे, ओळख असेल तिथे, अंमल असेल तिथेच पोहोचतो. शिवाय जुन्या चिठ्ठीवर नुसते मुंबई असले, तर तो पतंग मुंबईत धरला की तिथल्या बंदरातून पाठवला, हेही पाहावे लागते.

आता त्या पाखराकडे वळतो. त्याचे सुरवंट एरंडावर वाढतात, केसाळ असतात, आणि शेतकऱ्याला ते चांगले ठाऊक आहेत. फाब्रिसियस यांनी १७७५ साली या पतंगाला एरंडावरूनच रिसिनी हे नाव दिले. जुन्या शेतकीच्या पुस्तकांत पेरिकॅलिया रिसिनी एवढेच नाव मिळते आणि वाचणाऱ्याला वाटते, एरंडाचा पतंग एकच. पण वॉकर यांनी १८५५ साली ओसेलिफेरा नावाचा, आणि आपल्या स्विन्हो यांनी १८८५ साली क्लावाटा नावाचा, असे याचेच सख्खे भाऊ वर्णिले होते. पुढे १९८० नंतर फ्रेंच अभ्यासक ओरां यांनी आणखी काही वेगळे काढले. २००५ साली तर याच गणातला एक पतंग थेट इस्रायलच्या किनाऱ्यावरून नवा म्हणून नोंदला गेला. सगळ्यांचे पुढचे पंख राखी-तपकिरी ठिपक्यांचे. डागांची मांडणी, मागच्या पंखांचा रंग यांत फरक असतात, पण एकाच जातीतही ते कमीजास्त होतात. खात्री करायची तर नराच्या पोटाचे टोक कापून आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. छायाचित्रात ते कुठून दिसणार?

गणाच्या नावाचीही एक गंमत आहे. वॉकर यांनी या गणाला अलोपे म्हटले होते. ते नाव दुसऱ्या प्राण्याला आधीच दिलेले निघाले, म्हणून वॉटसन यांनी १९८० साली त्याच रोमन अक्षरांची उलटापालट करून ओलेपा असे नवे नाव पाडले. स्वर तेच, चलन निराळे.

आणि इथे माझे मन, वाचक क्षमा करतील, पतंगावरून उडून आमच्याच आळीत आले. भूप आणि देशकार यांचे स्वर पाचच्या पाच तेच. सा रे ग प ध. नवख्याला ऐकवा, तो एकच म्हणेल. पण भूप गंधारावर वस्ती करतो, देशकार धैवतावर; भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देशकार वरच्या; भूप दिवेलागणीनंतरचा, देशकार सकाळचा. पूरिया मंद्रात उतरतो, सोहनी तार षड्जाखाली यायला राजी नसते, आणि दोघांचे स्वर मात्र एक. म्हणजे आम्हीही नुसत्या रंगावर जात नाही. कुठे राहतो, कोणत्या वेळी येतो, हे विचारतो. ज्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हे ग्रंथात बांधून दिले, भूपाला कल्याण थाटात आणि देशकाराला बिलावल थाटात बसवले, तेही १८६० सालीच जन्मले, आणि १९३६ साली, हॅम्पसन यांच्याआधी महिनाभरच, वारले. एकाचे पतंगांवर चार खंड, दुसऱ्याचे मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार भाग. १९१६ साली आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती भातखंड्यांच्याच पुढाकाराने. त्या वर्षी लंडनमध्ये हॅम्पसन आपल्या मोठ्या सूचीचा पुरवणी खंड जुळवीत होते. दोघांची गाठ पडल्याचे कोठे नाही, पडण्याचे कारणही नव्हते. पण दोघांनाही लोकांनी एकच दोष दिला, की यांनी जिवंत वस्तूला चौकटीत कोंबले. माझे वडील भातखंड्यांविषयी हेच बोलत, आणि बोलून झाले की क्रमिक पुस्तक काढून बंदिशीचा अंतरा पडताळून पाहत.

वडिलांच्या चोपडीत एक चीज आहे. वर रागाचे नाव नाही. त्या दिवसांत ज्याला ठाऊक त्याला ठाऊक, लिहायचे कशाला, अशी पद्धत. मी कित्येक वर्षे ती भूप म्हणून शिकवली. एकदा कागद उजेडात धरला तेव्हा कोपऱ्यात फिक्या पेन्सिलीने दोन शब्द दिसले: सकाळची चौकी. देवघरापुढे पहाटेनंतर जी हजेरी होत असे तिची ती चीज. तेवढ्यावरून सारे फिरले. मी ती पुन्हा म्हणून पाहिली, धैवत धरून, आणि ती उठून उभी राहिली. ते दोन शब्द वडिलांनी लिहिले नसते तर मी आणि माझे शिष्य जन्मभर चुकीच्या घरात राहिलो असतो. हॅम्पसन यांच्या टाचणीखालची चिठ्ठी म्हणजे काय, हे मला त्या पेन्सिलीमुळे समजले. आणि मी तर काकांच्या वहीत चुकीची वेळ लिहवून ठेवली होती.

हॅम्पसन यांचे पुढले आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सगळे एका खोलीत गेले. १८९८ पासून १९२० पर्यंत त्यांनी संग्रहालयातल्या पतंगांची सूची लिहिली, पंधरा खंड. हिंदुस्थान त्यांनी सोडला नाही: १८९७ पासून मुंबईच्या संस्थेच्या नियतकालिकात ते आपल्या चार खंडांना पुरवण्या देत राहिले. नवे नमुने येत, जुने चुकलेले दिसे, ते दुरुस्त करीत. चार खंड संपले म्हणून त्यांनी हात झाडले नाहीत, हा त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत मोठा भाग वाटतो. १५ ऑक्टोबर १९३६ रोजी ते वारले. त्यांची पद्धत तोवर जुनी होऊ लागली होती. शिरांवरची त्यांची भिस्त पुढच्यांनी सैल केली, कुळे हलली, नावे बदलली; आज आपल्या देशात दहा हजारांवर जातींचे पतंग मोजतात आणि त्यांतल्या किती तरींना हॅम्पसन यांनी वापरलेले गणाचे नाव राहिलेले नाही. तरी २०१८ साली डॉ. व्ही. शुभलक्ष्मी यांचे भारतीय पतंगांचे सचित्र पुस्तक निघाले, तोवर शंभर-सव्वाशे वर्षे या देशात पतंग ओळखू पाहणारा माणूस आधी त्यांच्या दारात जात असे. काकाही गेले होते. त्यांच्या विद्यार्थिदशेत ते खंड मिळवायला त्यांना दुसऱ्या गावी जावे लागले आणि पानेच्या पाने हाताने उतरून आणावी लागली. त्या वह्या मी पाहिल्या आहेत.

तीन आठवडे मी हे वाचन केले. मग एका रविवारी सकाळी काकांकडे गेलो आणि सांगितले, की तो पतंग बडोद्याचा नाही, गलोंड्याचा आहे. मला तेव्हाही ठाऊक होते.

काका रागावतील असे वाटले होते. ते काही बोलले नाहीत. वही काढली, ती ओळ शोधली, तांबड्या पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली. खोडून मिटवली नाही. खालचे अक्षर वाचता येईल अशी. बाजूला लिहिले, जागा चुकीची सांगितली गेली, आणि त्या दिवसाची तारीख. माझे नाव लिहिले नाही. मग त्यांनी जे केले ते मला अपेक्षित नव्हते. ते पहिल्या पानापासून वही चाळू लागले. जिथे जिथे नोंद दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर झाली होती, नमुना नव्हता, स्वतः पाहिले नव्हते, तिथे तिथे पेन्सिलीची एक बारीक खूण. अकरा ठिकाणी. अकरांपैकी काही सांगणारी माणसे आता हयात नाहीत, त्यांना विचारायचे कसे? एका खोट्याने दहा खऱ्यांवर संशय आला, आणि तो संशय काढण्याचे काम आता पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला नव्याने करायचे होते. त्यांची सून चहा घेऊन आली, तो निवून गेला.

मग मीच विचारले, की निदान गलोंडा या जागेवरून तरी त्याचे नाव ठरेल का. काकांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. जागा कळली की कोणकोण असू शकतील याची यादी आखूड होते, एवढाच तिचा उपयोग. सिलोनातलाच म्हणून जो वर्णिला आहे तो गलोंड्यात चटकन धरू नये, आणि सह्याद्रीच्या या टोकाला जे पूर्वी मिळाले आहेत त्यांच्याकडे आधी पाहावे. पण नुसत्या जागेवरून नाव दिले, तर ती नोंद पुढे त्या नावाची जागा सिद्ध करायला वापरता येत नाही. नाहीतर कुत्रे स्वतःचे शेपूट धरू पाहते तसे होते. त्यांनी ॲटलास पतंगाचे उदाहरण दिले. वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात त्या भल्यामोठ्या पतंगाचे चित्र येते आणि खाली ॲटलास म्हणून नाव. पण दक्षिणेत आणि सिलोनात त्याचा जुळा आहे, तप्रोबानिस; मूर यांनी तो वेगळा काढला आणि १९८९ साली पायग्लर यांनी या गणाची सबंध फेरतपासणी केली तेव्हा तो स्वतंत्र जात म्हणून उभा राहिला. दोघांमधल्या मुलखात दिसणाऱ्या पतंगाला आधी सवयीने ॲटलास म्हणायचे, मग अशा चित्रांवरून ॲटलास तिथे असतो म्हणायचे, यात पाहिले कोणी? म्हणून काकांच्या हिशेबी आधी जागा, मग जुने ग्रंथ, मग नवी फेरतपासणी, मग हातातला नमुना, आणि यांपैकी जे नसेल त्याची जागा कोरी ठेवायची. नमुना नसेल तर ओलेपा एवढे गणाचे नाव लिहावे आणि थांबावे.

मला हे थांबणे जड गेले. आमच्याकडे कोणी राग विचारला आणि गवयाने नाव सांगितले नाही, तर त्याची तालीम कच्ची ठरते. वडील मात्र अनवट चीज ऐकली की मान हलवीत आणि पुन्हा म्हणायला सांगत. नाव दोन दिवसांनी सांगत, कधी सांगतच नसत. लहानपणी मला वाटे, त्यांना येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकांना घेऊन गलोंड्यास गेलो. मास्तरांच्या पडवीत पांढरी चादर बांधली, तिच्यापुढे दिवा टांगला. शाळेतली मुले जमली. काकांनी त्यांना कोणत्या पाखराला हात लावायचा, कोणत्याला नाही, ते सांगितले, आणि त्या बदल्यात मुलांनी त्यांना वारलीतली नावे सांगितली. ती काकांनी वेगळ्या पानावर लिहून घेतली. दोन रात्री नुसताच पाऊस. तिसऱ्या रात्री, साडेनवाच्या सुमारास, राखी-तपकिरी ठिपक्यांचा एक येऊन चादरीच्या खालच्या कोपऱ्यावर बसला. मास्तरांच्या मुलाने त्यावर पेला उपडा घातला. नर होता.

चिठ्ठी काकांनी माझ्याकडून लिहवली. अक्षर बारीक हवे होते, आणि त्यांचा हात आता कापतो. गलोंडा, सिल्वासाजवळ, दादरा-नगर हवेली, तारीख, दिव्यावर, बांधाला एरंड. गोळा करणारा म्हणून मास्तरांच्या मुलाचे नाव. तो नमुना काकांच्या पेटीत आहे. सूक्ष्मदर्शकाखालचे काम त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने करून द्यायचे ठरले आहे. तोवर चिठ्ठीवर ओलेपा या शब्दापुढे दोन बोटे जागा मोकळी सोडली आहे.